वासनिकबाईंनी नाकारलेली बंदूक

वासनिकबाई ‘चालेल’ हा शब्द वापरत नसत. चहात साखर कमी असली तर "कमी आहे" म्हणायच्या, बेताची असली तर "बरोबर आहे" म्हणायच्या. तिसरं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझी सगळी नोकरी तपासणीत गेली. तिथे ‘चालेल’ म्हणून पुढे ढकललेली वस्तू कुणाच्या तरी तोंडासमोर फुटते."

वस्तू म्हणजे बंदुका. बाई मूळच्या नागपूरच्या, धातुशास्त्राच्या पदवीधर. सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात तपासणी अधिकारी म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराला त्या लेकीकडे सिंगापूरला राहायला आल्या. लेक मृणाल इथे संशोधक, जावई अमोल एका बँकेच्या आयटी विभागात. त्यांचा फ्लॅट चोआ चू कांगला, आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर. मी चांगी बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते असं कळल्यावर बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू पण तपासणीवाली. मग आपलं जमेल."

जमलं. पण त्यांच्यासोबत कुठे जायचं म्हणजे मनाची तयारी करूनच जावं लागे.

पहिल्याच रविवारी आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, गेलो. जेवणाची वेळ, सगळी टेबलं भरलेली. एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं होतं. बाई आपली थाळी घेऊन सरळ तिथे बसल्या.

"बाई, ही जागा घेतलेली आहे," मी म्हटलं. "इथे असं पाकीट ठेवून टेबल धरतात. चोप करणं म्हणतात त्याला."

"कोणी धरलंय? मला तर कोणी दिसत नाही."

थोड्या वेळाने नूडल्सचा वाडगा घेऊन एक म्हातारे चिनी अंकल आले आणि पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाले, "आँटी, आय चोप ऑलरेडी लाह." बाईंनी पाकीट त्यांच्या हातात दिलं, समोरची खुर्ची दाखवली आणि आपल्या खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, "टेबल चार माणसांचं आहे. तुम्ही एक, आम्ही दोघी. बसा." अंकल कुरकुरत बसले. पुढे दर रविवारी ते बाईंची वाट पाहायचे आणि मासा कसा खावा यावरून दोघं भांडायचे. ते त्यांना ‘जनरल’ म्हणत. बाईंना ते आवडायचं, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

नात स्वरा इथल्या शाळेत जायची. आजीने काही विचित्र बेत काढला की ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणे, "आज्जी, कॅनॉट लाह." बाई शांतपणे म्हणत, "कॅन." आणि निघत. लाल सिग्नल मात्र त्यांनी रस्ता रिकामा असतानाही कधी मोडला नाही. नियमाशी त्यांचं भांडण नव्हतं. नियम नसताना तो आहे असं सांगणाऱ्यांशी होतं.

नोकरीतली एक गोष्ट त्यांनी मला भाजी निवडताना सांगितली होती. तरुण असताना बंदुकांचा एक मोठा लॉट त्यांच्याकडे तपासणीला आला. वरून घाई होती, कुणी बडे अधिकारी पाहणीला येणार होते. बाईंना काही बंदुकांच्या पोलादात, गोळी बसते त्याच जागी, केसासारखे तडे दिसले. साहेब म्हणाले, मॅडम, एवढं चालतं. बाईंनी सगळा लॉट नाकारला. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, समजावलं, मग आवाज चढवला. बाई म्हणाल्या, "सर, यातली एक बंदूक तुम्ही स्वतः खांद्याला लावून झाडा. मग मी सही करते."

"झाडली त्यांनी?" मी विचारलं.

"छे. माझी बदली झाडली. निकामी शस्त्रांच्या गोदामात."

ते गोदाम म्हणजे शिक्षेची जागा. पोलिसांनी आणि पलटणींनी टाकून दिलेल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुकांचे तिथे डोंगर होते. त्या मोजून, खिळखिळ्या करून भट्टीत पाठवायच्या, एवढंच काम. दुसरं कुणी असतं तर कुढत बसलं असतं. बाईंनी एकेक बंदूक उघडून पाहायला सुरुवात केली. कुठला ठसा कोणत्या कारखान्याचा, कोणतं लाकूड मूळचं, कोणतं मागाहून बदललेलं, युद्धाच्या घाईत काय गाळलं, शांततेत काय सुधारलं. साहेबांना वाटलं बाई अडगळीत पडल्या. काही वर्षांनी जुन्या शस्त्राबद्दल कुठेही शंका आली की फोन त्या गोदामात यायला लागला. हे सांगताना त्या मेथीच्या काड्या अशा मोडत होत्या, जणू त्या साहेबांचं मनगटच हाती आलंय.

तर आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना बाईंची आठवण होणं साहजिक होतं. अध्यक्ष दिलीपराव निंबाळकर. एका मोठ्या बँकेत वरच्या हुद्द्यावर, उंच, रुबाबदार, मनाने उदार. नव्या आलेल्या किती तरी मराठी मुलांना त्यांनी नोकऱ्या मिळवून दिल्या होत्या. आमचा अमोलही त्यांच्याच शब्दावर त्यांच्या बँकेत लागलेला. एके दिवशी ते स्वतः आमच्या ब्लॉकमध्ये आले. 

सेरंगूनला गोह नावाचे एक जुन्या वस्तूंचे व्यापारी होते. नळी बुजवून कायमची निकामी केलेली, परवान्यासकट, एक जुनी लष्करी बंदूक त्यांच्याकडे विकायला आली होती. साधी नव्हे, दुर्बीण लावलेली, स्नायपरची. आणि तिच्या दस्त्यावर देवनागरीत नाव कोरलेलं होतं, मल्हारी शिंदे. गोहांना सांगण्यात आलेली हकिकत अशी की, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडत होतं तेव्हा हा मराठा शिपाई एका पुलाशी एकटा शेवटपर्यंत लढला आणि एका मलाय कुटुंबाने त्याची बंदूक जपून ठेवली.

"आपला माणूस, ताई," निंबाळकर म्हणाले. "इथे, या मातीत. आणि आपल्याला पत्ताच नाही. मी ती विकत घेऊन मंडळाला देणार आहे. महाराष्ट्र दिनाला मोठा कार्यक्रम करू. तुम्ही फक्त एकदा बघा आणि ती अस्सल असल्याचं दोन ओळींत लिहून द्या."

"बघते," बाई म्हणाल्या. "लिहायचं काय ते बघितल्यावर ठरेल."

गोहांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो, बाई, निंबाळकर आणि मंडळाची चिटणीस म्हणून मी. टेबलावर हिरवी बनात पसरून बंदूक ठेवली होती. निंबाळकरांनी तिला हात लावण्याआधी नमस्कार केला. खरं सांगते, ते नाव वाचून माझ्याही अंगावर काटा आला.

बाईंनी नावाकडे पाहिलंच नाही. त्यांनी दस्ता उलटा करून नाव खाली दाबून ठेवलं आणि भिंग काढून डाव्या बाजूवरून सुरुवात केली. निंबाळकर येरझाऱ्या घालत होते. गोहांनी चहा मागवला, तो निवून गेला. शेवटी बाईंनी नाव वर केलं, लाकडाचा वास घेतला, पर्समधून दात कोरायची काडी काढली आणि ‘म’च्या खाचेतून अलगद फिरवली. काडीवर तपकिरी काहीतरी आलं. ते त्यांनी बोटावर चोळून पाहिलं.

"काय म्हणता?" निंबाळकरांनी विचारलं.

"बंदूक खरी आहे. तेवढी जुनी आहे. युद्धाच्या काळातली आहे."

निंबाळकरांनी सुस्कारा सोडला.

"पण ही स्नायपरची नाही. साध्या शिपायाची आहे. हिला स्नायपर मागाहून केलंय."

मग त्यांनी आम्हाला दाखवलं. दुर्बीण ज्यावर बसते त्या दोन लोखंडी बैठका कारखान्यात बसवत, तेव्हा त्यांचे स्क्रू कायमचे आवळून, डोकी घासून सपाट करत आणि हलू नयेत म्हणून कडेला टोचा मारत. इथल्या स्क्रूंच्या खाचांत पेचकस फिरल्याच्या ताज्या, चकचकीत रेघा होत्या. स्नायपरच्या बंदुकीवर असतो तो ‘टी’ अक्षराचा ठसा होता, पण तो मारताना आधीच्या जुन्या रंगाला कडेने भेगा गेल्या होत्या. म्हणजे रंग आधी, ठसा नंतर. शिवाय सिंगापूर पडलं तेव्हा इथल्या हिंदी पलटणींच्या हातात याच्या आधीच्या नमुन्याची बंदूक होती. हा नमुना त्यांच्याकडे तेव्हा पोचलाच नव्हता.

"आणि नाव?" निंबाळकरांचा आवाज एकदम खाली आला होता.

"वर्षानुवर्षं हाताळलेल्या खाचेत तेल आणि मळ लाकडात मुरतो, कडा गोल होतात. ही खाच आत कोरी आहे. वरून बुटाचं पॉलिश भरलंय, हे बघा." त्यांनी काडी पुढे केली. "शिवाय तुम्हीच वाचा ना, यातला ‘श’ आणि ‘ल’ कसा काढलाय ते. आपल्या मराठी शाळेत असा गिरवतात का? हा हिंदी वळणाचा आहे, फोनवर दिसतो तसा. पण अक्षरावरून मी निकाल देत नाही. लाकडावरून देते. मल्हारी शिंदे या बंदुकीवर गेल्या काही वर्षांत जन्माला आलाय."

गोह शांतपणे म्हणाले, त्यांनाही ती अशीच मिळाली. मग खांदे उडवून म्हणाले, "आँटी, पीपल बाय द स्टोरी, वॉट."

निंबाळकरांनी आम्हाला आपल्या गाडीने घरी आणून सोडलं. आम्ही उतरताना म्हणाले, "ताई, कार्यक्रम जाहीर झालाय. पाहुण्यांना बोलावणी गेलीत. तुम्ही ‘असू शकते’ एवढंच लिहा. त्यात खोटं काही नाही."

"‘असू शकते’ तर माझ्याबद्दलही लिहिता येईल, निंबाळकरसाहेब. मी पण स्नायपर असू शकते."

त्या आठवड्यात वरच्या फ्लॅटमध्ये जे झालं ते मृणालने मला नंतर सांगितलं. अमोलचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, नूतनीकरणाला आला होता आणि बँकेतून त्याची शिफारस निंबाळकरांच्या विभागाकडून जायची होती. अमोल सासूसमोर बसला आणि म्हणाला, "आई, एका सहीचा प्रश्न आहे. एका जुन्या बंदुकीने कुणाचं काय बिघडणार आहे? पास गेला तर आम्हाला तिघांना घर सोडावं लागेल. स्वराची शाळा आहे."

अमोलवर बाईंचा जीव होता, त्याच्या डब्याला त्या स्वतः पोळ्या लाटत. त्या म्हणाल्या, "तुझा पास माझ्यामुळे गेला तर मी तुझी माफी मागेन. नागपूरचं घर विकून तुला उभं करेन. पण सही नाही करणार." आणि उठून पोळ्या लाटायला गेल्या. त्या दिवशीच्या पोळ्या जाड झाल्या होत्या, एवढं मृणालला आठवत होतं.

शनिवारी निंबाळकरांच्या कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये मंडळाची सभा झाली. चाळीसेक माणसं. निंबाळकर छान बोलले. म्हणाले, आपल्या मुलांना इथे मराठी बोलायला लाज वाटते, त्यांच्यासमोर आपण काय ठेवतो? मोदक आणि लेझीम. एक माणूस ठेवू या, एक शूर माणूस. तो नेमका हाच होता की नाही यावर काथ्याकूट कशाला? टाळ्या पडल्या. मला पटलं होतं. बाई नसत्या तर मीही होकाराचा हात वर केला असता.

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी जे पाहिलं ते आवाज न चढवता सांगितलं, स्क्रू, ठसा, पॉलिश. मागच्या रांगेतून कुणीतरी, ऐकू जाईल इतपत हळू, म्हणालं, "यांना काय पडलंय आपल्या इतिहासाचं."

बाई थांबल्या. वळल्या.

"आपल्या म्हणजे कोणाच्या?"

खोलीतल्या सगळ्यांना त्या वाक्याचा अर्थ कळला होता. बाईंच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"माझे आजोबा पलटणीत होते," बाई म्हणाल्या. "वडील पण होते. आमच्या घरात बंदूक भिंतीवर मिरवायला नव्हती, पोटासाठी होती. वडील एकदा जखमी होऊन आले, तेव्हा त्यांच्याबद्दल कोणी गोष्ट रचली नाही. रचायची गरजही नव्हती. जे झालं होतं तेच पुष्कळ होतं. तुम्हाला इथे लढलेला माणूस पाहिजे ना? क्रांजीला जा. युद्धस्मारकाच्या खांबांवर नावं कोरलेली आहेत, ज्यांची प्रेतंसुद्धा सापडली नाहीत अशांची. आपल्याकडची किती तरी आहेत. इथून एमआरटीने जाता येतं. या खोलीत किती जण गेलेत तिथे?"

एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

"मग आधी खऱ्यांकडे जाऊन या. खोटा माणूस उभा केलात की खऱ्याची जागा जाते. मी सही करणार नाही. आज नाही, उद्या नाही. आणि माझ्या सहीशिवाय तुम्ही ती अस्सल म्हणून मांडलीत, तर मी कार्यक्रमात उभी राहून हेच सगळं पुन्हा सांगेन." मग खाली बसता बसता शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "जरा तो एसी कमी करायला सांगा."

कार्यक्रम साधाच झाला, लेझीम आणि नाट्यगीतांचा. बंदूक निंबाळकरांनी स्वतःसाठी विकत घेतली आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवली. त्यानंतर बाईंना घरगुती हळदीकुंकवाची, वाढदिवसांची बोलावणी येईनाशी झाली. त्या मंडळाच्या जाहीर कार्यक्रमांना मात्र न चुकता यायच्या आणि पहिल्या रांगेत बसायच्या. शेजारची खुर्ची रिकामी राहिली तर तिच्यावर पर्स ठेवून निवांत टेकायच्या.

अमोलचा पास वेळेत नूतनीकरण होऊन आला. शिफारस निंबाळकरांनी स्वतः लिहिली होती, चांगली लिहिली होती. हे कळल्यावर बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "माणूस अस्सल आहे बघ. मी सगळ्यांना सांगणार आहे." आणि खरोखरच ज्याला त्याला सांगत सुटल्या. निंबाळकरांना हे कळलं की नाही ठाऊक नाही. भेटले की दोघं एकमेकांना फक्त मान हलवून ओळख देत.

दोन-तीन वर्षांनी बाईंनी कायमचं नागपूरला परतायचं ठरवलं. गुडघे दुखत होते, आणि लेकीच्या संसारात आपण आता जास्त झालो असं त्यांचं मत होतं, ते कुणीही बदलू शकलं नाही. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतः लिहिलं, "रविवारी सकाळी मी क्रांजीला जात आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे." खाली कुणी काहीच लिहिलं नाही.

तरी आम्ही सात-आठ जण पोचलो. हिरवळीवर कबरींच्या पांढऱ्या रांगा, मधून टेकडीवर चढत जाणाऱ्या पायऱ्या, आणि वर नावांनी भरलेले ते रुंद खांब. बाई अमोलचा हात न धरता, कठड्यालाही न टेकता वर चढल्या. वर निंबाळकर आधीच आलेले होते. एकटे, कोट घालून, घामाने भिजलेले. बाईंनी मान हलवली, त्यांनीही हलवली.

हिंदी पलटणींच्या खांबासमोर उभं राहून बाईंनी चष्मा लावला आणि नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नावं इंग्रजी अक्षरांत होती आणि लिहिणाऱ्याला जशी ऐकू आली तशी. शिंद्यांचं, पवारांचं, कांबळ्यांचं इंग्रजांनी काहीतरी भलतंच करून ठेवलं होतं. बाई प्रत्येक नाव आपल्या उच्चाराने वाचत होत्या. अडल्या की थांबून, ओठांतल्या ओठांत घोळवून, बरोबर सापडलं की खणखणीत म्हणत होत्या. पंजाबी, तमिळ नावं आली तीही त्यांनी सोडली नाहीत. एक गोरं कुटुंब फोटो काढायचं थांबून ऐकत उभं राहिलं.

बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज बसायला लागला. निंबाळकर पुढे झाले. "ताई, तुम्ही बसा. मी वाचतो पुढचं."

"मी थकले नाही," बाई म्हणाल्या. मग पलीकडच्या खांबाकडे बोट केलं. "तो सगळा वाचायचा पडलाय. तो घ्या तुम्ही."

निंबाळकर तिकडे गेले, घसा खाकरला आणि वाचू लागले. रविवार असूनही मला कामावर ऑनलाइन हजर व्हायचं होतं, म्हणून मी निघाले. अर्ध्या पायऱ्या उतरून मागे पाहिलं. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळत होते, एकमेकांसाठी थांबत नव्हते. मृणाल पाण्याची बाटली पुढे करत होती आणि बाई खांबावरची नजर न काढता ती हाताने बाजूला सारत होत्या.